‘सोळा पौंडी’ कमान : एका तांत्रिक संज्ञेची अर्थचिकित्सा

१

तांत्रिक परिभाषेची चर्चा बहुधा शब्दाच्या घडणीपाशी येऊन थांबते. संज्ञा संस्कृत धातूंवरून घडवावी की कारागिरांच्या बोलीतून उचलावी, ती उच्चारास सुलभ आहे की नाही, तिच्यापासून पुढील शब्द साधता येतील की नाही, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्या आधीचा एक प्रश्न दुर्लक्षित राहतो. संज्ञा ज्या वस्तूचा निर्देश करते त्या वस्तूविषयी ती किती सांगते, आणि जे सांगत नाही ते ऐकणाऱ्यास न कळत गृहीत धरावयास लावते काय, हा तो प्रश्न होय. ज्या व्यवहारात चुकीच्या गृहीताची किंमत तत्काळ मोजावी लागते, तेथे ही चिकित्सा विशेष उद्बोधक ठरते. अर्धस्वयंचलित पिस्तुलातील रिकॉइल स्प्रिंग किती ‘जोरा’ची असावी, याविषयीचे तांत्रिक लेखन हे अशा व्यवहाराचे एक चांगले उदाहरण आहे.

विवेचन नेमके राहावे म्हणून येथे एकाच शस्त्राचा आधार घेतला आहे. जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराचे .४५ व्यासाचे पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारले व १९८५ पर्यंत ते तेथील प्रमाण पिस्तूल होते. त्याच्या रचनेचा प्रभाव पुढील बहुतेक पिस्तुलांवर पडला, आणि त्याच्या कमानीविषयी जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या शस्त्राच्या कमानीविषयी झाली असेल.

या शस्त्राची क्रिया थोडक्यात अशी. गोळी पुढे जाते तेव्हा स्लाइड व नळी एकमेकींत अडकलेल्या स्थितीत मागे सरकू लागतात. थोड्या अंतरावर नळीचा मागील भाग खाली उतरतो, ती स्लाइडपासून सुटते, आणि स्लाइड एकटीच मागे जाते. या प्रवासात रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा चढतो आणि स्लाइडखालील कमान दाबली जाते. स्लाइड मागे फ्रेमवर आदळून थांबली की दाबलेली कमान उलगडू लागते. ती स्लाइड पुढे ढकलते, स्लाइड मॅगझिनमधील वरचे काडतूस चेंबरमध्ये सारते, आणि नळी वर येऊन पुन्हा स्लाइडमध्ये अडकते. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी घडून जाते.

२

प्रथम नावाचाच विचार करू जाता असे दिसते की ‘रिकॉइल स्प्रिंग’ हे नाव कमानीच्या कार्यावरून पडलेले नाही. तिला दाबणाऱ्या कारणावरून पडलेले आहे. रिकॉइल म्हणजे शस्त्राचा मागे येणारा धक्का. नाव ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की, हा धक्का झेलणे हेच या कमानीचे मुख्य काम. स्लाइडला पुढे परत आणणे, हे तिचे दुसरे काम, नावात कोठेच उमटत नाही. या एका वगळण्यातून पुढे किती गैरसमज उद्भवतात ते चौथ्या भागात स्पष्ट होईल.

मराठीच्या दृष्टीने येथे एक गमतीची गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. मराठीत स्प्रिंगला ‘कमान’ हा शब्द जुना आहे. घड्याळाची कमान हा प्रयोग सर्वपरिचित आहे. बंदुकीच्या ज्या भागावर बोट दाबले जाते त्यास ‘चाप’ म्हणतात. कमान हा शब्द फार्सीतून आला, चाप संस्कृतातून. आणि दोहोंचा मूळ अर्थ एकच, धनुष्य. म्हणजे धनुष्याची जागा ज्या शस्त्राने घेतली त्याच्या दोन भागांना मराठीने धनुष्याचीच दोन नावे दिली. ही केवळ व्युत्पत्तीची मौज नव्हे. वाकवले की शक्ती साठवते आणि सोडले की परत देते, हा धनुष्याचा धर्म ‘कमान’ या शब्दात आजही जिवंत आहे. ‘रिकॉइल’ या विशेषणाने जे झाकले जाते ते ‘कमान’ या विशेष्याने उघडे केले आहे, परत देणे.

३

आता संख्येकडे वळावे. १९११ च्या पूर्ण लांबीच्या पिस्तुलाची प्रमाण कमान व्यापारात ‘सोळा पौंडी’ म्हणून ओळखली जाते. या शब्दाचा अर्थ काय?

मराठीतील संख्यावाचक शब्द व परिमाणवाचक नाम यांना ‘ई’ प्रत्यय लागून होणारी विशेषणे या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. ‘नऊवारी लुगडे’ यात परिमाण वस्तूच्या स्वतःच्या लांबीचे आहे. ‘पाचशेरी भांडे’ म्हटले असता परिमाण भांड्यात मावणाऱ्या पदार्थाचे असते, भांड्याचे नव्हे. ‘बारा पौंडी तोफ’ या इतिहासलेखनातील प्रयोगात परिमाण तोफेतून सुटणाऱ्या गोळ्याच्या वजनाचे असते. प्रत्यय एकच, परंतु वस्तू आणि परिमाण यांचा संबंध प्रत्येक ठिकाणी निराळा. आणि तो संबंध प्रत्यय सांगत नाही, ऐकणाऱ्याने आपल्या व्यवहारज्ञानाने भरावयाचा असतो. लुगडे, भांडे आणि तोफ यांच्या बाबतीत ते ज्ञान समाजाजवळ होते, म्हणून अर्थ निसटला नाही.

‘सोळा पौंडी कमान’ या प्रयोगात हा संबंध कोणता? कमानीचे स्वतःचे वजन सोळा पौंड नाही हे उघड आहे. अलंकारशास्त्राच्या भाषेत मुख्यार्थाचा बाध होतो व लक्षणेने दुसरा अर्थ घ्यावा लागतो. मम्मटाने लक्षणेस तीन अटी सांगितल्या आहेत: मुख्यार्थाचा बाध, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी योग, आणि रूढी अथवा प्रयोजन यांपैकी एक. येथे तिन्ही आहेत आणि आधार रूढीचा आहे. लक्ष्यार्थ असा: ही कमान एका ठराविक लांबीपर्यंत दाबली असता सोळा पौंडांचा जोर परत लावते. ती ठराविक लांबी प्रस्तुत पिस्तुलासाठी सुमारे १.६ इंच धरली जाते, कारण स्लाइड पूर्ण मागे गेल्यावर कमानीला साधारण तेवढीच जागा उरते.

या अर्थातील ‘एका ठराविक लांबीवर’ हे पद संज्ञेत नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर संज्ञेचे अधिकरण गळून पडले आहे. क्रिया आहे, तिचे परिमाण आहे, पण ती कोठे मोजली ते नाही. शब्दशक्तीच्या चर्चेत ‘गंगेवर गौळवाडा’ या उदाहरणात अधिकरण दिलेले असते आणि त्याचा अर्थ लक्षणेने लावावयाचा असतो. येथे अधिकरणच मुळी दिलेले नाही.

धनुर्विद्येच्या परिभाषेने ही चूक केलेली नाही, ही तुलना लक्षणीय आहे. धनुष्याची ताकद सांगताना ‘अठ्ठावीस इंचांवर चाळीस पौंड’ असे म्हटले जाते. त्यातील ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाने सारा फरक पडतो. ज्याचा हात आखूड आहे, जो सव्वीस इंचच ओढतो, त्याला तत्काळ समजते की आपल्या हातात चाळीस पौंड नाहीत. एकाच धर्माच्या दोन वस्तू, एकाच मुळाची दोन नावे; एकीच्या संज्ञेत अधिकरण टिकले, दुसरीच्या संज्ञेतून ते गेले.

गेले म्हणून काय बिघडले, असे विचारता येईल. उत्तरासाठी दोन कमानी कल्पाव्यात. दोन्ही ‘सोळा पौंडी’, म्हणजे पूर्ण दाबल्यावर दोन्ही सोळा पौंडांचा जोर लावतात. पहिली दर इंचास तीन पौंडांनी वाढते, दुसरी चार पौंडांनी. स्लाइडचा प्रवास सोयीसाठी दोन इंचांचा धरावा. स्लाइड बंद असताना पहिल्या कमानीचा जोर दहा पौंड असेल, दुसरीचा आठ. नाव एक, संख्या एक, परंतु ज्या क्षणी स्लाइडला शेवटचे बोटभर अंतर ओलांडून पूर्ण बंद व्हावयाचे आहे, त्या क्षणी दुसरी कमान एक पंचमांशाने दुबळी आहे. आणि अडचण बहुधा तेथेच येते. धूळ, साठलेली काजळी, किंचित जाड काडतूस यांमुळे स्लाइड अडते ती पूर्ण बंद होण्याच्या आधी थोडीशी. म्हणजे संज्ञेने जी संख्या सांगितली ती कमान सर्वांत बलवान असते त्या टोकाची. आणि शस्त्राचा विश्वास ज्यावर अवलंबून असतो ते टोक दुसरे.

रॉबर्ट हुक याने १६७६ साली स्थितिस्थापकतेचा आपला नियम वर्णानुक्रमे लावलेल्या अक्षरांच्या कोड्यात दडवून छापला आणि १६७८ साली ते कोडे उलगडून दाखविले. नियमाचे सार हे की, ताण आणि बल हे एकमेकांच्या प्रमाणात वाढतात. हा दोन राशींमधील संबंध आहे, एका राशीचे मूल्य नव्हे. कमानीचे सत्य संबंधात्मक असताना तिचे व्यापारी नाव एकाच अंकाचे झाले. जणू उलगडलेले कोडे पुन्हा अक्षरांत बांधून ठेवले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, मर्यादित क्षेत्रात ही संज्ञा निर्दोष चालते. एकाच उत्पादकाच्या, एकाच पिस्तुलासाठी केलेल्या कमानी असल्या तर मोजण्याची लांबी सर्वांना समान असते, व चौदा, सोळा, अठरा हा क्रम खरा क्रम असतो. संकट क्षेत्र ओलांडताना येते. याच घराण्यातील आखूड स्लाइडच्या पिस्तुलासाठी ‘अठरा पौंडी’ कमान प्रमाण मानली जाते. ती अधिक आखूड जागेत दाबली जाते व तेथेच मोजली जाते. वाचक मात्र सोळा आणि अठरा हे आकडे शेजारी ठेवतो आणि दुसरी कमान पहिलीहून ‘दोन पौंडांनी जोरदार’ असे समजतो. दोन भिन्न अधिकरणांच्या संख्यांची ही वजाबाकी निरर्थक आहे.

४

संज्ञेतील या उणिवेपेक्षा तिच्याभोवती रूढ झालेले एक विधान अधिक हानिकारक आहे. ते असे: कमान जितकी जोरदार तितके शस्त्र सुरक्षित, कारण ती स्लाइडचा आघात झेलून फ्रेमचे रक्षण करते. या विधानाचा उगम ‘रिकॉइल स्प्रिंग’ या नावातच आहे हे वर सुचविले आहे. त्याची परीक्षा ढोबळ हिशेबानेही करता येते.

प्रमाण काडतुसाची गोळी २३० ग्रेन, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम वजनाची असते आणि तिचा वेग सेकंदास सुमारे २५० मीटर असतो. स्लाइड व नळी मिळून वजन अर्धा किलो धरले, तर संवेगाच्या नियमाने त्यांना सेकंदास सुमारे साडेसात मीटर वेग मिळतो व ऊर्जा सुमारे १४ ज्यूल होते. दारूच्या वायूंचा वाटा यात सोडून दिला आहे. आता वरील पहिली कमान दोन इंच दाबण्यास सरासरी तेरा पौंड जोराने २६ इंच-पौंड, म्हणजे सुमारे २.९ ज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे मागे येणाऱ्या स्लाइडची जेमतेम एक पंचमांश ऊर्जा कमान घेते. काही भाग घोडा चढविण्यात जातो, काही नळी थांबविण्यात. उरलेला फ्रेमवर आदळतोच.

याच वाढीच्या दराची परंतु सर्वत्र दोन पौंडांनी अधिक जोराची, म्हणजे अठरा पौंडी कमान बसविली, तर ती ३० इंच-पौंड घेईल. जादा घेतलेली ऊर्जा अर्ध्या ज्यूलहून कमी. मागे जाणाऱ्या स्लाइडच्या मानाने शेकडा तीनच्या आसपास. रक्षण झाले ते एवढे. परंतु कमान घेतलेले परत करते, आणि परतीच्या प्रवासात स्लाइडला पुढे नेणारे प्रमुख बल तिचेच असते. तेथे २६ चे ३० होणे म्हणजे शेकडा पंधरांची वाढ. परिणामी स्लाइड अधिक वेगाने पुढे येते, मॅगझिनमधील काडतूस वर येऊन ठरण्यास कमी वेळ मिळतो, बंद होताना पिस्तुलाचे तोंड खाली डुलते आणि पुढील नेम बिघडतो. जे मागे वाचविले त्याहून अधिक पुढे गमावले जाण्याचा संभव उत्पन्न होतो.

याचा अर्थ हलकी कमान श्रेष्ठ असा नव्हे. फार हलक्या कमानीने स्लाइड सावकाश परततो, नवे काडतूस मॅगझिनच्या ओठांतून ओढून काढण्यास जोर अपुरा पडतो, व स्लाइड पूर्ण बंद न होता अडून राहते. मुद्दा एवढाच की, ‘रक्षण’ या एका प्रयोजनाने कमानीची निवड करणारे लेखन कमानीच्या अर्ध्याच कार्याविषयी बोलत असते.

५

या लेखनात वारंवार येणारे दुसरे पद म्हणजे ‘योग्य’. योग्य जोराची कमान निवडावी, असा उपदेश सर्वत्र आढळतो. शाब्दबोधाच्या प्राचीन चर्चेत वाक्यार्थ लागण्यासाठी आकांक्षा, योग्यता व सन्निधी यांची आवश्यकता सांगितली आहे. ‘योग्य’ हे पद स्वभावतःच साकांक्ष आहे. कशासाठी योग्य, कोणाला योग्य, या प्रश्नांची उत्तरे जवळ असल्याखेरीज ते अर्थ देत नाही. ती आकांक्षा अपुरी ठेवून केलेला उपदेश वाक्यासारखा दिसतो, पण वाक्य नसतो.

आकांक्षा पुरी केली म्हणजे विधान कसे पालटते ते पाहावे. लक्ष्यवेधाच्या सरावासाठी याच पिस्तुलात १८५ ग्रेन गोळीचे, सेकंदास सुमारे २३५ मीटर वेगाचे सौम्य काडतूस वापरले जाते. वरील पद्धतीनेच हिशेब केला तर स्लाइडला सुमारे ८ ज्यूल ऊर्जा मिळते. तीच सोळा पौंडी कमान आता त्या ऊर्जेचा एक तृतीयांशाहून मोठा भाग घेते. स्लाइड पुरेशी मागे जाऊ शकत नाही, रिकामी पुंगळी दारातच अडकते, किंवा स्लाइड नव्या काडतुसाच्या मागे पोचण्यापूर्वीच परत फिरते. म्हणून अशा काडतुसासाठी नेमबाज बारा पौंडांच्या आसपासची कमान घालतात. कमान तीच, पिस्तूल तेच; काडतूस बदलताच ‘योग्य’ हे ‘अयोग्य’ झाले. घोड्याच्या कमानीचा जोर, हात किती घट्ट धरला आहे, स्लाइडवर दुर्बीण वा अन्य भार जोडला आहे काय, याही गोष्टी त्या आकांक्षेत येतात.

योग्यता ओळखावयाची कशी, याचे एक लोकप्रिय उत्तर असे की, रिकामी पुंगळी किती दूर पडते ते पाहावे. दूर गेली तर कमान हलकी, पायाशी पडली तर जड. हे अनुमान आहे. आणि न्यायशास्त्राच्या भाषेत त्याचा हेतू सव्यभिचार आहे. पुंगळीचे अंतर कमानीवर अवलंबून असते हे खरे. पण पुंगळी धरून ओढणाऱ्या आकडीचा ताण आणि तिला ठोकर देणाऱ्या भागाची लांबी व आकार यांवरही ते अवलंबून असते. एकच चिन्ह तीन कारणांपासून संभवते, तेव्हा त्यावरून एका कारणाचा निश्चय करता येत नाही. इतर सर्व तसेच ठेवून एकटी कमान बदलली, आणि अंतरात फरक पडला, तर मात्र तोच हेतू प्रामाण्याला पात्र होतो. चिन्ह खोटे नव्हते. त्याचे वाचन उतावीळ होते.

संज्ञेच्या आयुष्याचा एक शेवटचा प्रश्न राहतो. काही हजार गोळ्या झाडल्यावर कमान थकते, तिची मोकळी लांबी घटते, जोर कमी होतो. तिचे नाव मात्र ‘सोळा पौंडी’च राहते. नाम स्थिर राहते, नामी पालटतो. भाषेत हे सर्वत्र घडते आणि सामान्यतः त्याने फारसे बिघडत नाही. येथे मात्र जुन्या कमानीविषयी तिच्या नावावरून बोलणारा मनुष्य अस्तित्वात नसलेल्या वस्तूविषयी बोलत असतो. नव्या कमानीशेजारी जुनी ठेवून लांबी पाहणे, हा नावाचा पुन्हा वस्तूशी संबंध जोडण्याचा साधा उपाय आहे.

६

या चिकित्सेचा मराठीशी संबंध केवळ उदाहरणापुरता नाही. नेमबाजी महाराष्ट्रात रुजलेला खेळ आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्या प्रकारातील.२२ पिस्तूलही अर्धस्वयंचलितच असते. त्याची नळी स्लाइडशी अडकत नाही, म्हणून तेथे हलत्या भागाचे वजन व कमान यांचा मेळ अधिकच नाजूक होतो. या विषयावर मराठीत लिहिण्याची गरज कल्पित नाही, आणि असे लेखन होईल तेव्हा लेखकापुढे दोन मार्ग असतील. इंग्रजी व्यापारी संज्ञेचे शब्दशः रूपांतर करून ‘सोळा पौंडी रिकॉइल स्प्रिंग’ एवढ्यावर थांबणे, हा पहिला मार्ग. त्यात शब्दाबरोबर शब्दाचे गळालेले अधिकरणही मराठीत येते, आणि मुळात जो दोष व्यवहाराने कसाबसा झाकला होता तो येथे उघडा पडतो, कारण झाकणारा व्यवहार या भाषेत अजून पुरता घडलेला नाही.

दुसरा मार्ग संज्ञेआधी संबंध मांडण्याचा आहे. ‘१.६ इंचांवर १६ पौंड, बंद स्थितीत १० पौंड, २३० ग्रेन काडतुसासाठी’ असे लिहिले तर वाक्य लांबते खरे. परंतु त्यात ‘वर’ आहे, ‘स्थितीत’ आहे, ‘साठी’ आहे. मराठीच्या शब्दयोगी अव्ययांना आणि विभक्तींना जे काम सहज येते ते त्यांना करू दिले आहे. पुनरुक्ती होऊ लागली की हेच वर्णन रूढीने आखडेल, आणि मग ‘सोळा पौंडी’ म्हणणाऱ्यास आपण काय आखडले हे ठाऊक असेल. परिभाषा संक्षिप्त असावी हे तत्त्व मान्यच आहे. मात्र संक्षेप हा पूर्ण वाक्य एकदा म्हटल्यानंतरचा अधिकार आहे.

तांत्रिक लेखनाचे मूल्यमापन करताना शब्दांची शुद्धाशुद्धता तपासण्याची प्रथा आहे. ‘सोळा पौंडी’ या दोन शब्दांत अशुद्ध काहीही नाही. तरीही त्यांच्यावर विसंबून केलेली निवड स्लाइड अर्ध्यात अडवू शकते, आणि ज्याने ती निवड केली त्यास आपली चूक कमानीत शोधावी की वाक्यात, हे कळत नाही. ती वाक्यातही शोधता येते, एवढे प्रस्तुत विवेचनावरून मान्य व्हावे.